वीस वर्षांच्या थापीला कागद मिळतो तेव्हा : आरपीएल केंद्राचा अनुभव

मी लहान बांधकामांचे ठेके घेतो. वीस वर्षे थापी चालवलेल्या गवंड्याकडेही स्वतःचे काम सिद्ध करणारा एकही कागद नसतो, ही गोष्ट मला सतत खटकत असे. म्हणून २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील पूर्वज्ञान मान्यतेसाठी, म्हणजेच आरपीएलसाठी, आमच्याकडच्या दोन गवंड्यांना मी एका केंद्रात घेऊन गेलो.

शुल्क काहीही नव्हते. येथे नव्याने काम शिकवत नाहीत, तर आधी येत असलेले काम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याच्या निकषांवर तपासतात. त्याआधी थोडे उजळणीचे वर्ग होतात. प्रात्यक्षिक चोख होते. कोपरा बांधून झाल्यावर परीक्षकाने स्वतः ओळंबा सोडला, गुण्या लावला आणि दोन विटांमधला सांधा पट्टीने मोजला. आमचे थोरले मिस्त्री, जे एरवी कोणाला भिंतीला हात लावू देत नाहीत, तेही मुकाट्याने बाजूला उभे राहिले.

लेखी भागाने मात्र निराशा केली. प्रश्न हिंदीत होते आणि तेही टॅबवर. ज्याची बोटे सिमेंटने चरचरीत झाली आहेत, त्याचा स्पर्श पडद्याला कळतच नव्हता. प्रमाणपत्रासाठी चार महिने खेटे घालावे लागले, ते वेगळेच.

तरीही पाचपैकी साडेतीन तारे. जाण्यापूर्वी आधार आणि बँक पासबुकावरील नाव अक्षरशः जुळते का, ते तपासून घ्यावे.