दीडशे रुपयांतलं लॉसारनाक

टोल्किनच्या 'द रिटर्न ऑफ द किंग' या कादंबरीची जुनी प्रत रद्दीवाल्याकडून दीडशेला घेतली. "एकदम टकाटक" म्हणाला होता. घरी येऊन उघडली तर नकाशाचं पान सुटलेलं, तेही नेमकं लॉसारनाकवर फाटलेलं! सेलोटेप लावला, आता कथेतल्या मिनास तिरिथ शहराच्या दक्षिणेची ती दरी कायम पिवळट दिसणार.

पण माझा जीव त्याच दरीत. पहिल्याच प्रकरणात तिथला सरदार फोरलाँग शहराच्या मदतीला येतो: म्हातारा, प्रचंड देहाचा, तसाच दणकट घोडा, मागे कुऱ्हाडी घेतलेली दोनशे माणसं. शहरातल्या लोकांना दसपट हवी होती. शत्रूची, उंबारची जहाजं किनाऱ्यावर येणार म्हटल्यावर घरं सोडून कोण निघेल? तरी हा आला, आणि पेलेन्नोरच्या लढाईत घोडा गमावून एकटा पडला तेव्हा कुऱ्हाडींनीच मारला गेला. लेखक त्याला जेमतेम अर्धी ओळ देतो, याचा मला अजून राग आहे.

पुढे उपचारगृहातली बडबडी योरेथ तिथल्याच गुलाबांची आठवण काढते. त्या पानावर आधीच्या मालकाचा चहाचा डाग आहे.

छपाई बारीक, चष्मा लागतोच. साडेतीन तारे, अर्धा नकाशापायी कापला.