नऊ महिने काँट्रा डान्स : न्यू हॅम्पशायरच्या एका गावातला अनुभव

गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा गेले, आता जून संपत आला. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा धरलं तर 20-22 संध्याकाळी सहज झाल्या. जाण्याआधी मी मराठीत शोधलं होतं, तेव्हा हाताला काही लागलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी राहते ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचा नैर्ऋत्य कोपरा, मोनॅडनॉक डोंगराचा परिसर. इथली गावं काहीशे वस्तीची. एक पांढरं चर्च, एक टाऊन हॉल, एक वाचनालय, की झालं गाव. पहिल्या वर्षभरात माझी ओळख दोनच माणसांशी होती : टपाल टाकणारी बाई आणि बर्फ काढून देणारे शेजारचे आजोबा. त्या आजोबांनीच एकदा सांगितलं, "शनिवारी हॉलमध्ये नाच आहे, ये. जोडीदार लागत नाही." हे शेवटचं वाक्य नसतं तर मी गेले नसते.

काँट्रा म्हणजे काय ते थोडक्यात. समोरासमोर दोन लांब रांगा. दोन-दोन जोड्यांनी चौघांचा गट करायचा. कॉलर, म्हणजे पुढे उभं राहून सूचना पुकारणारी व्यक्ती, आधी संगीताशिवाय एकदोनदा चालवून दाखवते. मग वाद्यं सुरू होतात. 64 ठोक्यांचं एक आवर्तन, साधारण अर्ध्या मिनिटाचं. ते संपलं की तुमची जोडी एक घर पुढे सरकते आणि समोर नवी जोडी येते. समोरच्याला इथे 'नेबर' म्हणतात, शेजारी. दहा मिनिटांच्या एका नाचात असे पंधरा-वीस शेजारी तुमच्या हातातून जातात. चार-पाच आवर्तनांनंतर कॉलर हळूहळू बोलणं कमी करते, मग गप्पच होते. तोवर तुमच्या पायांना सगळं कळलेलं असतं.

मला या प्रकाराने धरून ठेवलं ते इथेच. इंग्रजी गप्पा मारायला मला आजही दडपण येतं. हवामान झालं, काम झालं, पुढे काय? इथे बोलावं लागत नाही. पहिल्या रात्री मी चुकून उलट्या दिशेला वळले तर तीन हात एकदम पुढे आले आणि मला माझ्या जागी वळवून घेऊन गेले. कुणी 'चुकलीस' म्हणालं नाही, लयही सुटली नाही. गावातल्या पन्नासेक माणसांनी त्या एका रात्रीत माझा हात धरला होता. वर्षभरात जे झालं नव्हतं ते तीन तासांत झालं.

आता 'स्विंग'. सगळ्यांना भीती असते ती याची, कारण चक्कर येते. दोघांचे उजवे पाय जवळजवळ, डाव्या पायाने मुलं स्कूटर ढकलतात तसं ढकलत एकमेकांभोवती फिरायचं. मला कुणीतरी सांगितलं, "गिव्ह वेट." म्हणजे शरीराचा भार थोडा मागे टाक, समोरच्यावर सोड. दोन आठवडे ते डोक्यात शिरेना. तिसऱ्या वेळी फिरता फिरता एकदम उमगलं की अगं, ही तर फुगडी! पाय जवळ, अंग मागे, आणि तोल दोघींचा मिळून एक. श्रावणात वाड्यात खेळलेली फुगडी अंगात होतीच, फक्त हात धरायची पद्धत वेगळी. त्यानंतर चक्कर आली नाही. नजर भिंतींवर न ठेवता समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवायची, हीसुद्धा फुगडीचीच युक्ती.

कपडे आणि भूमिका याबाबत मोकळेपणा आहे. पूर्वी 'जेंट्स-लेडीज' म्हणत, आता बऱ्याच ठिकाणी 'लार्क' आणि 'रॉबिन' म्हणतात. लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे; इंग्रजीत लेफ्टचा लार्क, राईटचा रॉबिन. कुणीही कुठलीही भूमिका घ्यावी. बाईने बाईबरोबर नाचणं इथे इतकं साधं आहे की माझा निम्मा संकोच तिथेच गेला.

संगीताबद्दल मात्र मी थांबून लिहिणार. सगळं प्रत्यक्ष वाजवलेलं. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), पियानो, कधी अकॉर्डियन, बँजो किंवा बासरी. धून दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. आयर्लंड, स्कॉटलंड आणि शेजारच्या कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे लोक आपापल्या धुनी घेऊन या डोंगरांत आले, त्या इथे एकमेकींत मिसळल्या. मी नेहमी पियानोच्या बाजूच्या रांगेत उभी राहते. डावा हात खाली खर्जात एक ठोका देतो, उजवा वरच्या पट्टीत उत्तर देतो, धुम्-चक, धुम्-चक, आणि लाकडी जमीन तळपायाखाली त्याच लयीत थरथरते. तबल्याशिवाय मला ठेका कळेल का, अशी शंका होती. ती या डाव्या हाताने घालवली.

याच भागात बॉब मॅकक्विलन नावाचे पियानोवादक होऊन गेले, 2014 मध्ये वारले. शाळेत शिकवायचे आणि हजाराहून जास्त धुनी रचल्या, कितीतरी मित्रांच्या नावांनी. त्यांच्या आधीचे कॉलर राल्फ पेज (1903-1985) जवळच्याच नेल्सन गावातल्या मन्सनव्हिलचे. हे नाच विस्मरणात जाऊ नयेत म्हणून त्यांनी 1949 पासून पस्तीस वर्षं स्वतःचं मासिक चालवलं. 1960 च्या दशकात डडली लॉफमन या कॉलरनी तरुण पोरांना हॉलमध्ये आणलं, म्हणून आज आमच्या रांगेत सोळाची मुलगी आणि ऐंशीचे आजोबा एकत्र दिसतात. हॉलमध्ये ही नावं घरच्या माणसांसारखी घेतली जातात.

हिवाळ्यात याच हॉलमध्ये बैठकीचे कार्यक्रमही होतात. खुर्च्या मांडून, नाचाशिवाय. जानेवारीत क्वेबेकच्या पद्धतीने वाजवणारे एक फिडलवादक आले होते. ते खुर्चीत बसून वाजवतात आणि दोन्ही पाय फळीवर सतत आपटत ताल धरतात. बोटं, गज, पाय सगळं एका माणसाचं. आधी तीन महिने नाचले होते म्हणून मला त्या रात्री धुनीचा दुसरा भाग कुठे उघडतो ते बसल्या जागी अंगात कळत होतं. दिंडीत चाललेल्या माणसाने मैफलीत अभंग ऐकावा, तसं. माझा सल्ला असा की आधी चार वेळा नाचा, मग बैठकीला जा.

आता जे खटकलं ते. फेब्रुवारीत लांबच्या एका हॉलला गेले होते. तिथे कॉलरने नवख्यांचा विचार न करता एकामागून एक अवघड नाच लावले, जुन्या मंडळींनी पुढच्या तीन-तीन नाचांचे जोडीदार आधीच ठरवून ठेवलेले, आणि एकाने फिरवताना माझं मनगट अंगठ्यात आवळून मुरगळलं. तीन आठवडे पोळ्या लाटता आल्या नाहीत. नंतर आमच्या हॉलमध्ये एका बाईंनी शिकवलं की अंगठा वर ठेवून बोटांचा नुसता आकडा करायचा, मूठ आवळू द्यायची नाही, आणि दुखलं तर तिथेच बोलायचं. गुडघे कुरकुरत असतील तर स्विंग साधं चालत घ्या, कुणाची हरकत नसते. थंडीत रात्री परतीचा रस्ता निसरडा असतो, मध्ये हरणं येतात, फोनला रेंज नाही. मी दोनदा अर्ध्यातून गाडी परत वळवली, त्याचं वाईट वाटून घेत नाही.

मे महिन्यात आई सांगलीहून आली. तिला मी नुसतं बघायला नेलं. नऊवारी नाही, पण साडीच, पायात कॅनव्हासचे बूट. पहिले दोन नाच ती भिंतीकडेच्या बाकावर बसून मांडीवर ताल धरत होती. मध्यंतरानंतर आमचे शेजारचे आजोबा तिच्यापुढे येऊन हात पुढे करून उभे राहिले. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही. ती उठली. सूचना माझ्याकडे बघून घेत होती. स्विंग आलं तशी तिने आजोबांचा खांदा वगैरे काही धरला नाही. सरळ दोन्ही हातांची अढी घातली आणि पदर खोचलेल्या बाईसारखी मागे झुकली. आजोबांना क्षणभरच लागला. मग दोघं असे फिरले की पलीकडच्या जोड्यांनी जागा करून दिली. रांगेत पुढे सरकताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "ही तर आपली फुगडी की गं!" मी तिला माझं आधी काहीच सांगितलेलं नव्हतं.

ती परत गेल्यावरही आजोबा आणि अजून चौघी स्विंगला अढी घालूनच हात पुढे करतात.

जाणार असाल तर : आमच्याकडे दाराशी 10 ते 15 डॉलर, जमेल तेवढे. सुरुवातीच्या अर्ध्या तासात नवख्यांना शिकवतात, तो चुकवू नका. अत्तर, परफ्यूम लावू नका, कित्येकांना त्रास होतो. पाणी आणि एक जादा कुडता बरोबर ठेवा, घाम खूप येतो. आणि थंडीत नाचाचे बूट वेगळे पिशवीतून न्या. रस्त्यावरचं मीठ आणि वाळू बाहेरच्या बुटांबरोबर आत आली की त्या जुन्या लाकडी जमिनीची वाट लागते.