चांदीचं किल्लीचं घड्याळ : नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत हे खिशातलं घड्याळ मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, साडेअकरा हजारांना घेतलं. वेळ बऱ्यापैकी दाखवतं, दिवसाला चारपाच मिनिटं पुढे जातं. जुन्या सिलिंडर पद्धतीच्या यंत्राकडून मी याहून जास्त मागत नाही. मी ते घेतलं त्याच्या पाठीसाठी.

मागच्या झाकणावर बारीक लाटांची जाळी आहे, मधोमध ढालीच्या आकाराची कोरी जागा, मालकाची आद्याक्षरं घालायला. ती कोरीच राहिली. या नक्षीला गिलोशे म्हणतात. झाकण चरकावर, म्हणजे हाताने फिरवायच्या लेथवर बसवतात, खाचांच्या चकतीमुळे ते डुलत फिरतं. कारागीर एका हाताने चरक फिरवतो आणि दुसऱ्या हाताने टोकदार पातं टेकवतो. एका रेघेला जोर जास्त पडला की सगळं झाकण वाया. जरा कलतं धरलं की उजेड रेघांवरून पाण्यासारखा सरकतो. पावसाळा नसला आणि चर्चगेट लोकलमध्ये खिडकी मिळाली की मी हेच बघत बसतो.

झाकणाच्या आत 0.800 आणि रानकोंबड्यासारखा पक्षी, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. हे शिक्के स्वित्झर्लंडच्या 1880 च्या कायद्यातले; 0.875 ला अस्वल असतं. इंग्लिश घड्याळावर चालता सिंह दिसला तर चांदी 925. भिंग घेऊनच खरेदीला जा.

आता माझी चूक. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडली, म्हणून मी एका ठिकाणी पॉलिशला दिलं. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक, लावून त्यांनी कडेची बोटभर नक्षी गुळगुळीत करून टाकली. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. घरी देवाची भांडी रांगोळीने घासतो तशी ही पाठ कधीच घासू नका. कोरडं मऊ सुती कापड पुरे. खाचांतला काळेपणा राहू द्या, त्यानेच नक्षी उठून दिसते. घेताना घड्याळ बंद असलं तरी चालेल, नक्षी शाबूत हवी. यंत्र दुरुस्त होतं, पुसलेली रेघ परत येत नाही.

गिरगावातल्या घड्याळजी काकांनी साफ करून तेल घातलं आणि बजावलं, "पावसात बाहेर काढू नका, बॅलन्सची स्प्रिंग गंजली तर माझ्याही हातात काही राहणार नाही." म्हणून जूनपासून ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात आहे. रात्री दहाला किल्ली द्यायला तेवढं काढतो. झाकण उघडायच्या ओठाजवळ नक्षी जराशी झिजलेली आहे. ती झीज बफची नाही, आधीच्या मालकांच्या अंगठ्यांची आहे. माझाही अंगठा तिथेच पडतो.