चाचणीत नापास झालेली जुनी पेट्रोल गाडी: आधी कन्व्हर्टर की आधी सेन्सर?

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली इंजेक्शनची गाडी धुराच्या चाचणीत नापास झाली, की सल्ले दोनच येतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू आपल्या आत जाळून टाकणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग) संपला, नवा टाका. किंवा कन्व्हर्टरच्या पुढचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदला आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण ताळ्यावर आणा. दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे असतात. आपल्याला कोणता लागू, हे नापासाच्या रिपोर्टवरच बरेचसे कळतं, पण त्यासाठी लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, 1.00 म्हणजे नेमकं) आणि ऑक्सिजनचे आकडेही वाचावे लागतात.

कार्बन मोनॉक्साइड जास्त, ऑक्सिजन शून्याजवळ आणि लॅम्डा 0.95 च्या आसपास असेल, तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे. कार्बन मोनॉक्साइड जाळायला कन्व्हर्टरला ऑक्सिजन लागतो आणि इथे तो शिल्लकच नाही, त्यामुळे नवाकोरा कन्व्हर्टरही त्याच दिवशी नापास होईल. उलट लॅम्डा 1.00, स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) उणे-अधिक 5 टक्क्यांच्या आत, इंजिन मिसिंग करत नाही आणि तरीही हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही चढलेले असतील, तर दोष बहुधा कन्व्हर्टरचाच. सेन्सर बदलून हाती काही लागणार नाही. ऑक्सिजन 2-3 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड कमी दिसत असेल, तर सायलेन्सरला भोक आहे का आणि चाचणी यंत्राची नळी पुरेशी आत घातली होती का, हे आधी पाहा.

कन्व्हर्टरच्या बाजूने बोलायचं तर काम सरळ आहे. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावायचं, गॅसकेट नवी घ्यायची, की गाडी काही तासांत तयार. पण याच मार्गाची एक गोष्ट मला खटकते आणि माझा कल तिथेच सेन्सरच्या मार्गाकडे वळतो: नवा कन्व्हर्टर मिसफायर झाकतो. एखादा प्लग अधूनमधून ठिणगी चुकवत असेल, तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात. नवा कन्व्हर्टर ते आपल्या पोटात जाळतो. रिपोर्ट स्वच्छ येतो, मालक निर्धास्त होतो, आणि कन्व्हर्टरच्या आत तापमान वाढत जाऊन त्याची जाळी वितळायला लागते. पुढच्या चाचणीला तोच आकडा पुन्हा समोर, शिवाय एक महाग भाग वाया. पिस्टन रिंगांतून जळणाऱ्या ऑइलमधलं फॉस्फरस किंवा हेड गॅसकेटमधून झिरपणारं कूलंटही कन्व्हर्टर असाच निकामी करतं, फक्त हळूहळू.

सेन्सरच्या मार्गाला चिकाटी लागते. साध्या झिर्कोनिया (सर्वसाधारण प्रकारच्या) सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर, 2500 आरपीएमला, 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान सेकंदाला साधारण एकदा तरी वर-खाली व्हायला हवा. रेस झटकन दिली की 0.8 च्या वर, सोडली की 0.2 च्या खाली. सुस्त चालत असेल तर बदला. मात्र सतत लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवणारा सेन्सर खरं बोलतोय की फसतोय, हे तपासल्याशिवाय नवा घेऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅसकेटला चीर असेल, तर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रण लीन वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि गाडी खरोखर रिच होते. नवा सेन्सरही असाच फसेल. थंड इंजिन चालू करताना येणारा टिकटिक आवाज आणि जोडावरची काजळी ही त्याची खूण.

ट्रिम उणे 15 च्या पलीकडे असेल, म्हणजे ईसीयू पेट्रोल सतत घटवत असेल, तर पेट्रोलच्या प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून पाहा. आत पेट्रोलचा ओलावा दिसला तर त्याचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय. कूलंट 80 अंशांपर्यंत चढतच नसेल, तर उघडा अडकलेला थर्मोस्टॅट बदला. सेन्सर काढायला वायरसाठी खाच असलेला 22 मिलिमीटरचा सॉकेट लागतो. इंजिन कोमट असताना काढा, आणि जवळपास साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका, कारण त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

ईसीयूची मेमरी पुसली असेल, तर ट्रिम पुन्हा बसायला काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. चाचणीआधी 15-20 मिनिटं रस्त्यावर तापवून न्या. कन्व्हर्टर साधारण 250-300 अंशांनंतरच कामाला लागतो.

एक अपवाद. थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आत तुकडे खुळखुळत असतील, तर तो बदलावाच लागेल. अशा वेळीही नवा बसवण्याआधी प्लग आणि कॉइल तपासून घ्या, म्हणजे जुन्याला ज्याने मारलं ते नव्याच्या वाट्याला येणार नाही.