रांगेची कोडी: रेघ, तक्ता की पर्यायांची छाननी?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी मुले बँकेच्या परीक्षांच्या तयारीला लागली, की रांगेतील क्रमाची कोडी कोणत्या रीतीने सोडवावीत, हा प्रश्न लवकरच समोर येतो. सरकारी बँकांच्या भरतीसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या पूर्वपरीक्षेत बुद्धिमत्तेच्या ३५ प्रश्नांसाठी २० मिनिटे मिळतात. तेव्हा रीत घरीच ठरवून गेलेली बरी.

समजा, बेळगावच्या बसस्थानकावर खानापूरच्या बससाठी पाच जण रांगेत आहेत. लता मारुतीच्या लगेच पुढे आहे, सुमन आणि पारू यांच्यामध्ये नेमके दोघे आहेत, सुमन बाबूच्या पुढे कुठेतरी आहे आणि पारू लताच्या मागे आहे. पाच जणांच्या १२० मांडण्या होतात.

रेघेच्या रीतीत पाच जागा आखून सर्वांत घट्ट अट आधी घ्यावी. सुमन-पारूंना पहिली-चौथी किंवा दुसरी-पाचवी याच जागा शक्य आहेत आणि दोन्ही वेळा एकमेकींना लागून असलेल्या मोकळ्या जागा त्यांच्या मधल्याच असल्याने लता-मारुतीची जोडी तिथेच बसते. दुसऱ्या शक्यतेत बाबू पहिला येतो, म्हणून ती बाद होते. पारू लताच्या मागे हवी, म्हणून क्रम सुमन, लता, मारुती, पारू, बाबू असा ठरतो.

हेच तक्त्यात करू गेल्यास २५ चौकटी आखूनही पहिल्या अटीतून दोनच फुल्या मिळतात: लता पाचवी नाही, मारुती पहिला नाही. जोडी डोक्यातच सांभाळावी लागते. मात्र प्रत्येकाचे गाव किंवा व्यवसायही शोधायचा असेल आणि अटी ‘अमुक तिथला नाही’ अशा नकारार्थी असतील, तर तक्ताच उपयोगी पडतो.

पर्यायांत संपूर्ण क्रम दिलेले असतील, तर एकेक अट लावून ते खोडत जाणे सर्वांत जलद. पण एकाच कोड्यावर चार-पाच प्रश्न असतील, तर ते कष्ट पुढच्या प्रश्नाला कामी येत नाहीत. म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी रेघेवर हात बसवावा, असे माझे ठाम मत आहे.

रीत कोणतीही असो, ‘पुढे’ या शब्दाशी फार सावध राहावे. रांगेत पुढे असलेल्याचा क्रमांक आधी येतो, पण वारांच्या कोड्यात पुढचा दिवस नंतर येतो. आपल्याकडे रोज कानावर पडणाऱ्या कन्नड ‘मुंदे’चेही तसेच आहे. यासाठी पहिली अट वाचण्यापूर्वीच कागदावर बाण काढून रांगेचे तोंड कोणीकडे आहे ते लिहून ठेवावे.