गाळा की गावची शेती: वीजबचतीचा पैसा आधी कुठे घालायचा?

साकीनाक्याला नाहीतर गोरेगावला एखादा गाळा आणि गावाला चार-पाच एकर, अशी माणसं आपल्यात भरपूर आहेत आणि सध्या दोन्हीकडच्या योजनांचे मेसेज व्हॉट्सॲपवर एकत्रच येऊन पडतात, त्यामुळे हातात समजा पाच-सात लाख असतील तर ते गाळ्यातल्या मशिनींवर लावायचे की शेतातल्या पंपावर, हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगतो, बहुतेकांनी गाळ्यापासूनच सुरू करावं. पण शेतात एक गोष्ट गाळ्यापेक्षा जास्त मोलाची आहे, ती वीज नाही, वेळ आहे, आणि तिथे हिशोब उलटा होतो.

आधी सक्तीचं बघू कारण त्याची भीती जास्त घातली जाते. एनर्जी कन्झर्वेशन ॲक्ट २००१ सालचा, त्याखाली बीईई (ऊर्जाबचतीचं काम बघणारी केंद्राची संस्था) २००२ मध्ये सुरू झाली आणि मोठ्या ग्राहकांना ऑडिट करणं, एनर्जी मॅनेजर नेमणं, ठरवून दिलेलं टार्गेट गाठणं सक्तीचं झालं. पण मोठे म्हणजे किती मोठे ते बघा. टेक्सटाइलमध्ये मर्यादा वर्षाला ३,००० टन तेलाइतकी ऊर्जा, विजेत मोजलं तर जवळजवळ साडेतीन कोटी युनिट. एवढी वीज तुमच्या अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटला तरी लागते का? मुंबईत या यादीत येणारे म्हणजे चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्या, आरसीएफचा खत कारखाना, ट्रॉम्बेचं पॉवर स्टेशन असले. २०१२ पासून पॅट नावाच्या स्कीममध्ये त्यांना टार्गेट मिळत आलंय, आणि २०२२ ची दुरुस्ती आणि २०२३ ची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम यानंतर काही सेक्टर आता कार्बनच्या टार्गेटकडे वळतायत. त्यामुळे कोणी गाळ्यात येऊन "ऑडिट कंपल्सरी झालंय, नाही केलं तर दंड" असं म्हणत कोटेशन पुढे केलं तर त्याला चहा पाजा आणि कुठल्या कलमाखाली ते लिहून मागा. नवीन बिल्डिंग बांधत असाल आणि लोड १०० किलोवॅट किंवा डिमांड १२० केव्हीएच्या वर असेल तर बिल्डिंग कोड बघावा लागतो, ते वेगळं. शेतीला यातली कुठलीच सक्ती नाही.

म्हणजे लहान माणसाच्या वाट्याला सक्ती जवळपास नाहीच, सगळा खेळ मदतीचा आहे. आणि मदत दोन्हीकडे अगदी वेगळ्या जातीची आहे. गाळ्याला मिळते व्याजात सूट आणि टॅक्समध्ये फायदा, म्हणजे आधी पैसे तुमचे जाणार. शेतीला मिळतं थेट अनुदान, जिथे खर्चाचा मोठा भाग सरकारच उचलतं.

गाळ्याचं जरा सविस्तर बघू. इथे युनिट महाग असतं, अदानी असो टाटा असो बेस्ट असो की मुलुंड-भांडुपला महावितरण, आणि प्रत्येक वाया गेलेलं युनिट तुमच्याच खिशातून जातं. उदाहरण घ्या, १० एचपीची जुनी मोटर. आयई-१ दर्जाची असेल (आयईचा आकडा जितका मोठा तितकी मोटर कमी वीज खाते) तर तिची कार्यक्षमता ८६ टक्के धरतात, आयई-३ ची ९०.४. ऐकायला फरक फालतू वाटतो, पण पूर्ण लोडवर वर्षाला ४,००० तास चालली तर साधारण १,७०० युनिट वाचतात, युनिट १० रुपये धरलं तर १७ हजार, आणि जुनी मोटर दोन-तीनदा रिवाइंड झालेली असेल तर फरक अजून वाढतो. तरीही मी मोटर दुसऱ्या नंबरवर ठेवीन. पहिला नंबर कॉम्प्रेसरच्या हवेचा. रविवारी सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर एकटा चालू करून बघा, दर थोड्या वेळाने लोड घेत असेल तर हवा लीक होतेय, त्याला फक्त कपलिंग, पाइप आणि एका मेकॅनिकची दिवसभराची मजुरी लागते, कुठली योजना लागत नाही. प्रेशर विनाकारण जास्त ठेवलेलं असतं तेही उतरवा, एक बार कमी केलं की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्के कमी होते. पंखा किंवा ब्लोअर असेल, आणि त्याची हवा डॅम्परने, म्हणजे वाटेतल्या झडपेने, अडवून कमी केली जात असेल, तर ड्राइव्ह (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं उपकरण) लावा, स्पीड २० टक्के उतरवला की पॉवर निम्म्यावर येते, हे भौतिकशास्त्रच आहे, सेल्समनची थाप नाही.

हे सगळं झाल्यावर मग योजनेकडे वळायचं. सध्या महत्त्वाची म्हणजे केंद्राची अदीती योजना, जुलै २०२५ मध्ये आली, १,००० कोटींची, तीन आर्थिक वर्षांसाठी. ऊर्जा वाचवणाऱ्या मशिनरीच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याज परत. अट अशी की किमान १० टक्के ऊर्जा वाचलेली दिसली पाहिजे, आणि १४ सेक्टरमध्ये बसायला हवं, फाउंड्री, फोर्जिंग, टेक्सटाइल, केमिकल, फार्मा, फूड प्रोसेसिंग वगैरे, शिवाय पहिल्या टप्प्यात ६० क्लस्टर, म्हणजे ठरवलेले औद्योगिक पट्टे, आहेत त्यात तुमचा भाग येतो का हे बँकेत जायच्या आधी बघून घ्या. हिशोब सरळ आहे, २० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी लाखाच्या आसपास सुटतात आणि मुद्दल उतरत जाईल तसं हे कमी होत जातं. बॉयलर, भट्टी, चिलर बदलायचं असेल तर घ्याच. दोन मोटरी बदलायला मात्र ऑडिट, प्रोजेक्ट रिपोर्ट, नंतरची मोजणी एवढी कागदपत्रं करणं मला पटत नाही. झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) या दर्जाच्या सर्टिफिकेटचंही तसंच, सर्टिफिकेशनच्या फीमध्ये सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सबसिडी आहे, एक्सपोर्टवाल्या गिऱ्हाइकाने मागितलं तर घ्या, त्याने वीज आपोआप वाचत नाही.

राज्याच्या औद्योगिक सवलतींचं काय असं विचाराल, तर त्यात तालुक्यांचे ए ते डी प्लस असे गट आहेत आणि मुंबई-ठाण्याचा पट्टा ए मध्ये, म्हणजे आधीच विकसित, त्यामुळे ताटात फार काही पडत नाही.

छतावरची सोलर? पीएम सूर्यघरचे ७८,००० रुपये घरांसाठी आहेत, धंद्याला नाहीत, या एका गोष्टीवरून लोक हमखास गोंधळतात. धंद्याला पहिल्या वर्षी टॅक्समध्ये ४० टक्के डेप्रिसिएशन (घसारा) मिळतं, ते नफा असेल तरच उपयोगाचं, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मंच. त्यात मुंबईचा खरा प्रश्न छताचा. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट तरी लागतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याचं छत तुमचं नसतंच, सोसायटीचं असतं, भाड्याचा गाळा असेल तर विषयच संपला.

आता गावाकडे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल शासन भरतंय, मुदत मार्च २०२९ पर्यंत. त्यामुळे ज्याच्याकडे आधीच कनेक्शन आहे त्याने फाइव्ह स्टार पंप घेऊन वीज वाचवली तर खिशात येतात शून्य रुपये. बीईईने मंगळवेढ्यात शेतकऱ्यांचे जुने पंप बदलून देण्याचा पहिला प्रयोग केला होता, त्यामागचं गणितही हेच की वाचलेल्या विजेचा फायदा वीज कंपनीला आणि सरकारला जास्त, म्हणून पंपाचा खर्च शेतकऱ्यावर टाकून चालत नाही. पण थ्री फेज आठच तास मिळते आणि त्यात रात्रीची पाळी आली की बिबट्या-सापाच्या भीतीत दारं धरायला जावं लागतं. पंप २० टक्के जास्त पाणी उचलत असेल तर आठ तासांचं काम सहा तास चाळीस मिनिटांत होतं, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळण्याआधी पाणी देऊन होतं. शेतात खरेदी करायची ती याच गोष्टीची, वेळेची. बऱ्याचदा पंप बदलायचीही गरज नसते, गळका फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपच्या तोंडाची झडप), अरुंद पाइप आणि न लावलेला कपॅसिटर एवढंच नीट केलं तरी फरक पडतो, आणि ते हजारांत होतं.

कनेक्शन नसेल तर 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना. शेतकऱ्याने भरायचे फक्त १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के, अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५ एचपी, त्याच्या वर ७.५ एचपी, आणि पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा. दिवसा पाणी मिळतं हा सगळ्यात मोठा फायदा, रात्रीचं जाणं बंद. तोटे पण ऐका, ढगाळ दिवशी पाणी घसरतं, खोल बोअरला हे बेताचंच चालतं, आणि तुम्ही मुंबईत असाल तर पॅनेल धुणार कोण आणि राखणार कोण, हे आधी ठरवा. कनेक्शन असलेल्याला ही योजना नाही, म्हणजे "वीज बरी की सोलर बरा" ही चर्चा बहुतेकांसाठी चहाच्या टपरीपुरतीच आहे, तुमच्याकडे आज काय आहे त्यावरून उत्तर आधीच ठरलेलं असतं.

ठिबक मात्र दोघांनाही चालतं आणि माझ्या मते शेतातला पहिला रुपया तिथेच जावा. केंद्राच्या योजनेतून अल्पभूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात, राज्याची वेगळी भर धरून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. टक्केवारी मात्र शासनाने ठरवलेल्या खर्चावर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही.

पडीक माळरान असेल आणि सबस्टेशन जवळ असेल तर तिसरा रस्ता आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या सोलर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. एकरी ५० हजार पडतात. माळाला हे उत्तम, मुंबईत बसून कसण्याची कटकटही नाही. बागायत जमीन यात देऊ नका. शेतमालाचं पॅकहाऊस किंवा कोल्ड स्टोरेज डोक्यात असेल तर कृषी पायाभूत निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत सात वर्षं मिळते, गाळ्याच्या अदीतीशी तुलना करायची असेल तर ती याच्याशी करा, पंपाशी नाही.

कागदांचा फरक पण धरा. गाळ्याला उद्यम रजिस्ट्रेशन, बारा महिन्यांची बिलं आणि मशीनची यादी, एक माणूस आठवड्यात गोळा करतो. शेतात सोलर पंपाला सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद लागते आणि सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या सगळ्यांचं संमतीपत्र, म्हणजे दोन काका, एक पुण्याची आत्या आणि ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे तो चुलत भाऊ. फॉर्म भरायच्या आधी त्याला फोन करा.