ग्रॅनाईट, संगमरवर, बेसाल्ट की वाळूचा दगड: उघड्यावर कोण टिकतं?

बाहेर पायऱ्या, ओटा किंवा कोरीव पाटी करायचीय आणि दगड ठरत नाहीये, तर ‘जितका कडक तितका टिकाऊ’ हे आधी डोक्यातून काढा. दगड झिजवतं ते मुख्यतः पाणी, त्यामुळे पाणी कुठून शिरतं आणि किती वेळ मुरून राहतं ते बघायचं.

संगमरवर पावसात राहणार असेल तर बादच. तो जवळपास सगळा कॅल्साइट, म्हणजे आम्लात विरघळणारं चुन्याचं खनिज, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचा पीएचसुद्धा साधारण 5.6, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे दर पावसात थोडा दगड वाहून जाणार. आधी पॉलिश जातं, मग हात फिरवला की साखरेसारखं खरखरीत लागतं, मग अक्षरांच्या कडा बोथट होतात. घरात खुशाल वापरा, लिंबू तेवढं सांडू नका.

ग्रॅनाईट सगळ्यात निर्धास्त. त्यातला क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) ढिम्म हलत नाही, फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाची चिकणमाती व्हायला खूप काळ जातो, काळ्या अभ्रकातलं लोखंड गंजून पिवळट डाग पडतात एवढंच. अर्थात क्षारांपुढे तोही हरतो: इजिप्तमध्ये हजारो वर्षं उभा असलेला ग्रॅनाईटचा स्तंभ 1881 मध्ये न्यूयॉर्कला उभारला आणि तिथल्या दमट हवेत, आत मुरलेल्या क्षारांमुळे, काही वर्षांतच त्याचे पापुद्रे सुटायला लागले.

बेसाल्ट भरीव, बारीक कणांचा मिळाला तर पायऱ्यांना उत्तम. त्यातली लोहयुक्त खनिजं ग्रॅनाईटपेक्षा लवकर कुजतात, वर तपकिरी साल धरते, ती चालते, पण भोकं किंवा पांढरे ठिपके भरलेला तुकडा नको.

खरा घोळ वाळूच्या दगडात. कण क्वार्ट्झचेच असतात हो, पण त्यांना धरून ठेवणारा मसाला कुठला त्यावर सगळं अवलंबून. सिलिकाचा (क्वार्ट्झच्याच पदार्थाचा) असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, चुन्याचा असेल तर पावसात विरघळेल, चिकणमातीचा असेल तर भिजून फुगेल नि सुटेल. थोडा दगड खरवडून पुडीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर चुना आहे. पाण्याचा थेंब लगेच गडप झाला तर दगड पाणी पितो, आणि गोठणाऱ्या थंडीत ते पाणी सुमारे 9 टक्के फुगून दगड फोडतं. बसवताना दगडातले थर आडवेच ठेवायला सांगा, उभे लावले की पुढचा भाग पत्र्यासारखा सुटून येतो. आणि वरून सीलर (पाणी अडवणारा लेप) मारायची घाई नको, जमिनीतून ओल चढत असेल तर क्षार सीलरच्या मागे साठतात आणि अख्खी वरची कातडीच ढकलून देतात.